कासरा सोडून पाहिलेली नाव

माझं माहेर पूर्णेच्या काठचं, नांदुऱ्यापासून थोडं आत. तिकडे विहिरीला पाणी लागलं की लगेच पेढे वाटत नाहीत. आधी कुणीतरी खाली उतरून बोटाने पाणी जिभेला लावून बघतं, आणि वर उभे असलेले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. खारपाणपट्टा तो. वर कसदार काळी माती आणि खाली शेताला देता न येणारं पाणी. म्हणून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या फॉलमथच्या धक्क्यावर मी पहिल्यांदा पायऱ्या उतरले, तेव्हा हात आपोआप पाण्यात गेला आणि बोट जिभेवर. चव ओळखीची होती, फक्त आमच्या विहिरीपेक्षा कितीतरी जहाल.

"मावशी, काय करतेस?" भाचा वरून ओरडला.

"पाणी पाहते बाबा," मी म्हटलं.

मार्च महिना होता. गावाकडे गहू काढणीला आलेला, अंगातून घामाच्या धारा. इथे दोन स्वेटरांवर कोट घालूनही वारा आत शिरत होता. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडीने ट्रुरोला आणि तिथून दोन डब्यांच्या छोट्या गाडीने फॉलमथला. आमची खामगावची जलंबहून येणारी गाडी आठवली. तीही १८७० साली कापसासाठी अशीच मुख्य लाइनीवरून फाटा काढून आणलेली.

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटी शिकवताना फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, दोन्हीकडे फुगवटा काढला. मुलांनी वहीत उतरवून घेतला. पण मलकापूर स्टेशनापासून मुंबई जवळजवळ पाचशे किलोमीटर. चौपाटीवर सहलीला दोन तास थांबून मी जो समुद्र पाहिला, त्यात हा फुगवटा मला कुठे दिसला नव्हता. फॉलमथला दिसला. सकाळी धक्क्याच्या काठाशी, माझ्या पावलांच्या बरोबरीने ज्या होड्या डुलत होत्या, त्या दुपारी पाहिल्या तर दोन माणसं खोल खाली गेलेल्या. उधाणाच्या दिवशी इथे पाणी साडेचार-पाच मीटर चढतं आणि तितकंच उतरतं. खाडीच्या वरच्या अंगाला तर पाणीच उरलं नव्हतं. होड्या चिखलात कलंडून बसल्या होत्या, बाजाराच्या दिवशी दांड्या टेकवून ठेवलेल्या गाड्यांसारख्या. सहा तासांनी सगळ्या परत उभ्या. मी त्या दिवशी तीन वेळा धक्क्यावर गेले. माझ्या फळ्यावरचा चंद्र खरा होता, हे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याहून मोठं नवल. बंदराच्या आतल्या रुंद पाण्यात, कॅरिक रोड्समध्ये, लाल-तपकिरी शिडांच्या जुन्या घाटाच्या होड्या संथपणे आडव्या सरकत होत्या. भाचा म्हणाला, या कालवं काढणाऱ्या होड्या. इथल्या कालवांच्या धंद्यात इंजिन चालवायला कायद्याने बंदी आहे. जाळं ओढायचं ते शिडाच्या किंवा वल्ह्याच्या जोरावरच. ऑक्टोबर ते मार्च हंगाम. वाऱ्याने जेवढं ओढवेल तेवढंच तळातून निघतं, म्हणून कालवं अजून टिकली आहेत. ज्या देशाने वाफेचं इंजिन जगभर नेलं, त्या देशात एका बंदराने इंजिनाला नाही म्हटलं आहे आणि ते नाही म्हणणं आजवर पाळलं आहे. बोअरच्या पाण्यामागे अजून खोल, अजून खोल जाणारी आमची गावं मला तिथे उभी असताना फार आठवली.

पण मी आले ती वेळ होती दुसऱ्याच कामाची. भाचा आणि भाचेसून एक जुनी शिडाची नाव विकत घेणार होते. राहायची सोय असलेली, चार-सहा दिवस समुद्रावर काढता येतील अशी. महिनोन्‌महिने पाहून दोन नावा उरल्या होत्या, आणि त्या दोन्ही त्या आठवड्यात पाण्याबाहेर काढून यार्डात ठेवल्या होत्या.

नाव पाण्यात असते तेव्हा तिचं निम्मं रूप लपलेलं असतं, हे मला तिथे कळलं. मोठ्या पट्ट्यांच्या झोळीत धरून क्रेनने उचललेली नाव म्हणजे पाय दिसणारा पक्षी. दोघींचे पाय अगदी वेगळे. पहिली ३७ फुटी, फ्रान्समध्ये बांधलेली, वयाने लहान. तिचा तळ बशीसारखा उथळ, मधोमध खाली एकच अरुंद पातं, त्याला हे लोक फिन म्हणतात. ते ओतीव लोखंडाचं, वरून बोल्टांनी आवळलेलं. आणि सुकाणू मागे एकटं लोंबतं, आधाराला काही नाही. दुसरी रस्टलर ३६ जातीची, १९८०च्या दशकातली. हिचा कणा पुढून सुरू होऊन खोल होत होत थेट मागेपर्यंत गेलेला, सुकाणू त्या कण्याच्याच शेवटाला बिजागरीने जोडलेलं. वजनाचं शिसं कण्याच्या पोटातच भरलेलं, बोल्ट नाहीत. साडेसात टनांच्या वर वजन. ही जात फॉलमथच्या परिसरातच बांधली गेली, त्यामुळे यार्डातली माणसं तिच्याकडे घरच्या जनावरासारखी बघत होती.

माझे वडील बैलबाजारात बैल घ्यायचे, तेव्हा मी लहानपणी सोबत गेले आहे. दात बघायचे, खूर उचलून बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, मग चालवून बघायचं. इथे आलेल्या सर्व्हेयरने अगदी तेच केलं. त्याच्या हातात प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी. नावेच्या अंगावर वीतभर अंतराने टकटक करत तो चालला, कान लावून. जिथे अंग निरोगी तिथे आवाज खणखणीत. जिथे आतले थर सुटले किंवा पाणी मुरलं तिथे भद्द. मग ओल मोजणारं यंत्र. एकाच टकटकीचा आवाज एका जागी बदलला, तो मलाही ऐकू आला. फ्रेंच नावेच्या लोंबत्या सुकाणूत पाणी शिरलेलं निघालं. सर्व्हेयर शांतपणे म्हणाला, या वयाच्या सुकाणूंत हे फार वेळा सापडतं, दुरुस्त होतं, किमतीत धरा. रस्टलरच्या डोलकाठीच्या तारा मात्र बदलायला झाल्या होत्या. दहा वर्षं झाली की विमा कंपन्याही विचारू लागतात. तो खर्चही थोडा नव्हता.

मी आत शिरले ते स्वयंपाकघर बघायला. फ्रेंच नाव आतून लख्ख. मोठ्या खिडक्या, मागे दोन स्वतंत्र खोल्या, ऐसपैस बैठक. भाचेसुनेचा चेहरा खुलला, आणि तो का खुलला ते कुणालाही कळलं असतं. रस्टलर आतून अंधारी, अरुंद, तिच्यात उतरणं म्हणजे जुन्या वाड्याच्या बळदात उतरणं. पण तिच्या शेगडीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. शेगडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर टांगलेली. नाव कितीही कलली तरी भांडं सपाट राहावं म्हणून ती आपली आपण झुलते. ओटा इंग्रजी यू अक्षरासारखा तिन्ही बाजूंनी वेढणारा, त्यामुळे बाई कुठेही ढकलली गेली तरी दोन हातांत टेकू सापडतो. वर कमरेला बांधायचा पट्टा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. ज्या कुणी हे काढलं, त्याने कलत्या घरात पोळ्या लाटणाऱ्या माणसाचा विचार केला होता. मोठ्या, उजळ नावेत मी मधोमध उभी राहून हात पसरले, तर धरायला काही नव्हतं.

त्या रात्री जेवताना भाच्याने सांगितलेली हकिगत ऐकून माझा घास हातातच राहिला. फॉलमथच्या याच बंदरातून १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा २९ वर्षांचा दर्यावर्दी ३२ फुटी नावेतून एकटा निघाला, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालायला. ती शर्यत होती, आणि निघालेल्या नऊ जणांत पुरी करणारा तो एकटाच. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो परत आला. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? त्याने सांगितलं, फॉलमथहून.

आणि ती नाव, सुहेली, आपल्या मुंबईत बांधलेली. नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता, मुंबईत राहत होता. तिथल्या कारागिरांनी सागवानात ती हाताच्या हत्यारांनी घडवली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली, पुढच्या डिसेंबरात मुंबई सोडून आफ्रिकेच्या बाजूने निघाली. आराखडा जुना होता, मुळात नॉर्वेच्या वादळी किनाऱ्यावरच्या बचावनौकांच्या वळणाचा: दोन्ही टोकं निमुळती, पोट भरलेलं, कणा लांब. वेगासाठी कुणी ती निवडली नसती. त्यालाही शर्यतीसाठी दुसरी नाव हवी होती. पैसे जमले नाहीत, म्हणून हीच न्यावी लागली.

वाटेत पिण्याच्या पाण्याच्या टाक्या नासल्या, रेडिओ गेला. ऑस्ट्रेलियाच्या सुमाराला वाऱ्याप्रमाणे सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र कायमचं मोडलं. एकटा माणूस, पुढे अख्खा प्रशांत महासागर, आणि सुकाणू धरायला दुसरा हात नाही. तेव्हा तो पुढची-मागची शिडं अशी तोलून लावायचा, सुकाणू बांधून टाकायचा आणि झोपायचा. नाव आपल्या वाटेने जात राहायची.

हे ऐकताना मला नांदुऱ्याचा रस्ता दिसला. जिनिंगवर कापूस घालून गाड्या रात्री परत यायच्या. वडील कासरा सैल सोडून, रिकाम्या गाडीत घोंगडी पांघरून झोपायचे. पहाटे दारात घुंगरं वाजली की आई उठायची. बैलांनी गाडी घरी आणलेली असायची. सगळेच बैल आणत नाहीत, आमचा पवळ्या आणायचा. तसा बैल असला तर बाजारात त्याची किंमत वेगळी आणि मालकाचा जीव त्याच्यावर वेगळा.

सुहेलीच्या त्या फेरीची आठवण म्हणून २०१८ साली तशीच शर्यत पुन्हा सुरू झाली, गोल्डन ग्लोब. नियम कडक: नावा ३२ ते ३६ फुटी, लांब कण्याच्या, १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या, उपग्रहाची दिशादर्शक यंत्रं चालणार नाहीत. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी त्या वेळी थुरिया घेऊन उतरले. ती सुहेलीचीच प्रतिकृती, गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया उलटून परत सरळ झाली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. हलताही न येणाऱ्या त्या माणसाला २४ सप्टेंबरला ओझिरिस या फ्रेंच जहाजाने उचललं. पुढच्या शर्यतीला ते पुन्हा उभे राहिले. या वेळी नाव निवडली रस्टलर ३६, बयानात. २९ एप्रिल २०२३ रोजी ती घेऊन ते फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरात दुसऱ्या क्रमांकाने आले.

म्हणजे सुहेलीचा घाट वाईट आणि रस्टलर चांगली, असं मी लगेच बोलून गेले. भाच्याने मला अडवलं, आणि बरं केलं. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिनच्या वेगळ्या जातीच्या नावेचीही डोलकाठी गेली होती. तरी मोडक्या शिडावर तो टॉमींच्या दिशेने निघाला होता. आणि २०१८ची शर्यत जिंकणारे ज्याँ-ल्यूक व्हान डेन हेड रस्टलरवरच होते, पण त्यांचीही नाव प्रशांतात आडवी होऊन डोलकाठी खिळखिळी झाली होती. तिच्यावर चढून चढून दुरुस्त्या करत त्यांनी २११ दिवसांत फेरी पुरी केली. अशा लाटेपुढे कोणती नाव टिकेल याची हमी कोणी देत नाही. नाव निवडताना इतकंच विचारता येतं की माणूस थकला, पडला, झोपला, तर ही स्वतः किती वेळ सांभाळून घेईल.

व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींचं नावही त्याच रात्री निघालं. भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. निवृत्तीनंतर ते राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णीला, समुद्रापासून दूर, माळरानात. त्यांच्या ध्यासातून दांडेकरांनी ५६ फुटी म्हादेई बांधली. दिलीप दोंदे ती घेऊन १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने फेरी पुरी करणारे पहिले भारतीय. त्याआधी दोंदे शिकायला गेले ते नॉक्स-जॉन्स्टनकडेच. मुंबईच्या सागवानातून निघालेली विद्या अशी फिरून घरी आली, आणि तिचा एक मुक्काम कोरड्या गावात होता. खारपाणपट्ट्यातल्या बाईला याचा फार आधार वाटला.

भाचेसून इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, हे सगळं खरं. पण आम्ही दक्षिण महासागरात कुठे चाललोय? शनिवार-रविवारी हेलफर्ड नदीत जाणार, उन्हाळ्यात फार तर फ्रान्सच्या किनाऱ्याला. तिथे मुलीला खेळायला जागा हवी, तुम्ही आलात तर तुम्हाला खोली हवी. वर्षातले तीनशे साठ दिवस जी नाव सोयीची, ती का नको?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. आमच्याकडेही रोज गावात फिरायला कुणी नांगराचा बैल धरत नाही. शर्यतीच्या गोष्टी ऐकून घरच्या वापराची नाव घेणं शहाणपणाचं नाही, हे मलाही पटलं.

मग चालवून बघण्याचे दोन दिवस. सकाळी रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ भाग पाडलेले आहेत; बीबीसी एकेका भागाचं नाव घेते आणि वारा, लाटा, पाऊस, नजर किती पोचेल एवढंच सांगते. वाचणाऱ्याचा आवाज न चढता न उतरता. आमच्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घट मांडतात. मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, आणि पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं ते ऐकायला लोक शेतात गर्दी करून उभे असतात. इथेही स्वयंपाकघरात सगळे चमचे ठेवून तसेच स्तब्ध झाले.

पहिल्या दिवशी फ्रेंच नाव. वारा बेताचा. सेंट अँथनीचं दीपगृह मागे टाकताच ती अशी सुटली की माझ्या तोंडून हाक निघाली. हलकी, चपळ; सुकाणूचं चाक एका बोटाने फिरावं. परतताना तिने धक्क्याच्या अरुंद जागेत स्वतःच्या लांबीत गिरकी घेतली, मागे जा म्हटलं तर सरळ मागे गेली. मधे एकदाच वाऱ्याचा झोत आला, ती झटकन कलली आणि हातातून निसटून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. भाच्याने लगेच सावरलं.

दुसऱ्या दिवशी रस्टलर, आणि वारा सहाच्या जोराचा. सुरुवातच वाईट. इंजिनावर मागे घ्यायला गेलो तर सुकाणू डावीकडे आणि ती चालली उजवीकडे. लांब कण्याच्या नावा मागे चालवताना ऐकत नाहीत. यार्डातल्या एका म्हाताऱ्याने दोर फेकून तिला वळवली. बाहेर समुद्रात मात्र ती जड पावलांनी, लाटेला खांदा देऊन चालू लागली. पाणी डेकवर येत होतं, शीड कडकडत होतं. मी त्याला हात लावला. कापूस नाही, कडक कृत्रिम धागा. दांडा भाचेसुनेच्या हातात होता. तासाभराने तिचे दंड भरून आले. मुलगी खाली रडू लागली.

तेव्हा नावेच्या मालकाने, सत्तरीच्या त्या गृहस्थाने, एक गोष्ट करून दाखवली. पुढचं शीड त्याने मुद्दाम उलट्या बाजूला राहू दिलं, मोठं शीड आवरलं आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या पलीकडे ढकलून दोरीने बांधून टाकला. पुढचं शीड तिला वाऱ्यापासून फिरवू बघतं, सुकाणू वाऱ्याकडे. दोघांच्या ओढीत नाव जागच्या जागी थांबते. मोकळ्या समुद्रात, नांगर न टाकता. आवाज बंद झाला. लाटा त्याच होत्या, पण ती आता त्यांच्यावर चढत-उतरत होती, धडका देत नव्हती. वाऱ्याच्या बाजूला तिच्या घसरण्याने पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा उमटला होता आणि येणारी लाट त्यावर येऊन मोडत होती.

भाचेसुनेने दांड्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. मग ती खाली गेली, मुलीला कुशीत घेऊन अरुंद पलंगावर कापडाच्या आडोशात टेकली. मी कमरेला पट्टा बांधून झुलत्या शेगडीवर चहा ठेवला. आलं गावाहून आणलेलं होतं. चहा झाला तेव्हा दोघी झोपलेल्या होत्या.

अर्ध्या तासाने ती वर आली आणि नवऱ्याला मराठीत म्हणाली, "हीच घेऊ. मागे घेताना मी दोर धरून धक्क्यावर उडी मारत जाईन."

रात्री धाकट्या भावाला फोन लावला. त्याच्याकडे मध्यरात्र उलटलेली, पण तो जागा होता. हरभऱ्याच्या राखणीला शेतात.

"बाई, घेतली का नाव? नवी का जुनी?"

"जुनी. माह्या लग्नानंतरची असंल."

"अन्‌ काहून मंग?"

मी त्याला बांधलेल्या सुकाणूचं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे कुठेतरी टिटवी ओरडली, ती मला फॉलमथमध्ये ऐकू आली.

"आपल्या पवळ्यावानी," तो म्हणाला.